गायतोंडे यांची चित्रप्रक्रिया : निसर्ग, मौन आणि अध्यात्म या संज्ञांचा पुनर्विचार

बीजसंज्ञा : अमूर्त चित्रकला, अवस्तुनिष्ठता, रंगलेप, क्षितिज, मौन, प्रतीक्षा.

प्रास्ताविक

आधुनिक भारतीय चित्रकलेविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात वासुदेव सांतू गायतोंडे (१९२४-२००१) यांचे नाव आले की लेखकाचा स्वर आपोआप खाली येतो. ‘मौन’, ‘ध्यान’, ‘समाधी’, ‘साक्षात्कार’, ‘ऋषितुल्य’ या शब्दांची एक मालिका सुरू होते आणि ती संपते तेव्हा चित्रकाराविषयीचा आदर वाढलेला असतो. चित्राविषयी मात्र आपल्याला फारसे काही कळलेले नसते. निळ्या कॅनव्हासवर लिहिताना जी वाक्ये वापरली, तीच पिवळ्या कॅनव्हासवर लिहितानाही चालतात. ज्या समीक्षेतील विधाने एका चित्रावरून उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवली तरी काही बिघडत नाही, ती समीक्षा त्या दोन्ही चित्रांविषयी नसते, हे मान्य करावयास हवे.

गायतोंडे यांच्या कलेचा अध्यात्माशी संबंध नाही, असे प्रस्तुत निबंधात सुचवावयाचे नाही. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणीकडे त्यांचा ओढा होता आणि झेन विचाराचे त्यांना खोल आकर्षण होते, ही सर्वज्ञात गोष्ट आहे. प्रश्न असा की, हा संबंध चित्रात नेमका कोठे दिसतो? चित्राच्या विषयात, प्रतीकात, रंगाच्या निवडीत, की चित्र घडविण्याच्या रीतीत? तसेच ‘निसर्गातून मिळालेली प्रेरणा’ असे जे सरसकट म्हटले जाते, त्याचा अर्थ या चित्रकाराच्या संदर्भात काय होतो? या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परांशी जोडलेली आहेत, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

आकृती वगळण्याची शिस्त

गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, घराणे मूळचे गोव्याचे, आणि वाढ गिरगावातील चाळीत. सर जे. जे. कलाशाळेतून १९४८ मध्ये त्यांनी पदविका घेतली. त्या काळात तेथे पाश्चात्त्य वास्तववादी शिक्षणाबरोबरच भारतीय लघुचित्रपरंपरेचाही अभ्यास होत असे. गायतोंडे यांची आरंभीची चित्रे पाहिली तर त्यांत जैन व बसोली शैलीच्या लघुचित्रांचा प्रभाव स्पष्ट जाणवतो : सपाट तेजस्वी रंग, ठळक बाह्यरेषा, लांबट डोळ्यांच्या मानवाकृती. पुढे १९५० मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडले गेले. परंतु सूझा किंवा हुसेन यांच्या चित्रांतील आवेश त्यांच्या प्रकृतीत नव्हता.

या टप्प्यावरील एक गोष्ट समीक्षकांनी नोंदवूनही तिचे पुरेसे मोल केलेले नाही. लघुचित्रांचा अभ्यास करताना आपण त्यांतील आकृती हळूहळू वगळू लागलो आणि रंगांची परस्परप्रमाणे तेवढी पाहू लागलो, अशा आशयाचे कथन स्वतः गायतोंडे यांनी केले आहे. एखाद्या बसोली चित्रातील नायिका, वृक्ष, गवाक्ष ही सर्व मनाने पुसून टाकली तर उरते काय? पिवळ्याचा मोठा विस्तार, त्याला छेदणारी लाल पट्टी, काळ्याचा एक लहानसा पण अचूक तुकडा. म्हणजे अमूर्ताकडे त्यांचा प्रवास कोणत्याही गूढ अनुभवातून सुरू झालेला नाही. तो पाहण्याच्या एका शिस्तीतून, किंबहुना परंपरेच्या बारकाईने केलेल्या वाचनातून सुरू झाला. पाश्चात्त्य अमूर्ताचे अनुकरण हा जो आक्षेप त्या पिढीवर वारंवार घेतला गेला, त्याचे उत्तर याच ठिकाणी आहे. पॉल क्ली यांचा प्रभाव पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास आला, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु क्ली येण्यापूर्वीच जमीन नांगरली गेली होती.

‘अमूर्त’ हा शब्द गायतोंडे यांना आपल्या चित्रांसाठी मान्य नव्हता. ते ‘अवस्तुनिष्ठ’ या अर्थाची संज्ञा पसंत करीत. हा केवळ शब्दांचा आग्रह नव्हे. अमूर्त म्हटले की मूळ मूर्त असे काहीतरी होते आणि चित्रकाराने ते गाळून, आटवून त्याचा अर्क काढला, असे सूचित होते. मग प्रेक्षक साहजिकच त्या मूळ वस्तूचा शोध घेऊ लागतो. अवस्तुनिष्ठ चित्राच्या मागे अशी वस्तूच नसते. चित्र हीच पहिली वस्तू असते.

क्षितिजाचा प्रश्न

असे असेल तर निसर्गाचे काय करावयाचे? पदव्युत्तर वर्गात गायतोंडे यांच्या साठच्या दशकातील एखाद्या कॅनव्हासची पारदर्शिका दाखविली की विद्यार्थ्यांचा पहिला शब्द बहुधा ‘समुद्र’ हाच असतो. त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. त्या काळातील अनेक चित्रे आडवी आहेत, त्यांत रंगाचे आडवे पट्टे आहेत, मध्यावर किंवा थोडे वर घट्ट रंगलेपाचे काही अवशेष तरंगल्यासारखे दिसतात. शिवाय चरित्राचा आधारही आहे. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांचा स्टुडिओ होता आणि ही वास्तू समुद्राला लागून होती. रविशंकरांचे संगीत, अल्काझींचे नाट्य आणि कित्येक चित्रकारांचे काम एकाच छपराखाली चाललेले, असे ते मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासातील दुर्मीळ ठिकाण. (ती वास्तू आज उरलेली नाही. आपल्या शहरांना अशा जागांची किंमत त्या पाडल्यानंतरच कळते.) तासन्‌तास समुद्राकडे पाहत बसणारे गायतोंडे अनेकांच्या आठवणींत आहेत. तेव्हा समुद्र हीच प्रेरणा, असे म्हणण्याचा मोह होणारच.

परंतु हा मोह चित्रांच्या पुढील वाटचालीपुढे टिकत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस गायतोंडे यांनी आडवा कॅनव्हास सोडला आणि उभा आयत स्वीकारला. पुढे अखेरपर्यंत त्यांचे प्रमुख कॅनव्हास उभेच राहिले. चित्रकलेच्या इतिहासात आडवा आयत हा निसर्गदृश्याचा आणि उभा आयत हा व्यक्तिचित्राचा, असा एक स्थूल संकेत आहे. आडव्या आयतात एखादी आडवी रेषा ओढली की ती क्षितिज होते, आणि क्षितिज झाले की वर आकाश व खाली पाणी किंवा जमीन हे आपोआप येते. चित्रकाराची इच्छा असो वा नसो, प्रेक्षकाचा डोळा हे करतोच. उभ्या आयतात क्षितिजाला पसरावयास जागा उरत नाही. प्रेक्षक ‘दूर’ पाहू शकत नाही. त्याला ‘आत’ पाहावे लागते. गायतोंडे यांनी समुद्र पाहणे सोडले नसेल. परंतु समुद्र दाखविण्याची जी शेवटची सोय चित्रात उरली होती, ती त्यांनी जाणीवपूर्वक काढून टाकली.

मग निसर्ग राहिला कोठे? प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रतिमेतून निघून प्रक्रियेत गेला. किनाऱ्यावर तासन्‌तास बसणारा माणूस काही काळाने लाट पाहत नाही, लाटेचे येणे-जाणे पाहतो. वाळूवर पाणी चढते, थोडे मागे ठेवून ओसरते, त्या मागे राहिलेल्यावर पुन्हा नवे पाणी चढते. साचणे, झिरपणे, झिजणे, वाळणे या निसर्गाच्या क्रिया आहेत आणि गायतोंडे यांचे तंत्र म्हणजे जवळजवळ याच क्रियांची कॅनव्हासवरील व्यवस्था होय.

रोलर, सुरी आणि कागदाचे तुकडे

त्यांच्या तंत्राविषयी थोडे तपशिलाने लिहिणे आवश्यक आहे, कारण याच ठिकाणी मराठी समीक्षा सर्वाधिक कंजूष राहिली आहे. गायतोंडे यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून कुंचल्याचे वर्चस्व कमी करीत रोलर आणि पॅलेट नाइफ ही साधने हाती घेतली. या निवडीचा अर्थ असा की, कुंचल्याबरोबर येणारी चित्रकाराची ‘सही’, म्हणजे मनगटाची लकब, फटकाऱ्याचा आवेग, ती चित्रातून मागे सरली. रोलर हे तसे रंगाऱ्याचे साधन. ते भावना नोंदवीत नाही. ते रंग पसरते, दाबते, आणि परत फिरताना त्यातील काही उचलूनही घेते.

पातळ केलेल्या तैलरंगाचा एक थर, तो पुरेसा वाळल्यावर दुसरा, मग सुरीने काही भाग खरवडणे, पुन्हा थर. सत्तरीच्या दशकातील चित्रांत आणखी एक रीत दिसते. वृत्तपत्रांचे किंवा मासिकांचे कागद फाडून अथवा कापून त्यांचे आकार करावयाचे, ते रंगासह कॅनव्हासवर ठेवावयाचे, वरून रोलर फिरवावयाचा आणि मग कागद उचलून घ्यावयाचा. मागे राहतो तो कागदाचा ठसा. आकृती नव्हे, आकृती येऊन गेल्याची खूण. त्या चित्रांत जी लिपीसारखी, न वाचता येणारी चिन्हे तरंगताना दिसतात ती अशी आलेली आहेत. त्यांना कोणी चित्रलिपी म्हणतात, कोणी प्राचीन शिलालेखांची आठवण काढतात. ती रेखाटलेली नाहीत, उचलून घेण्याच्या क्रियेतून उरलेली आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा अर्थ लावण्याची घाई आपोआप कमी होते.

या प्रक्रियेत योगायोगाला भरपूर वाव आहे. कागद उचलल्यावर नेमके काय उमटेल हे चित्रकाराला पूर्णतः ठरविता येत नाही. परंतु उमटलेले ठेवावयाचे की झाकावयाचे, आणखी एक थर द्यावयाचा की थांबावयाचे, हे त्यालाच ठरवावे लागते. आपण काम करीत नाही, स्वस्थ बसून वाट पाहतो आणि मग रंग लावतो, अशा आशयाचे उद्‌गार गायतोंडे यांनी काढले आहेत. त्यांची निर्मिती वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास एवढीच असे. या अल्पसंख्येकडे आळस किंवा विक्षिप्तपणा म्हणून पाहिले गेले, आणि नंतरच्या काळात तीच साधुत्वाची खूण मानली गेली. दोन्ही वाचने व्यक्तीकडे पाहतात. चित्राकडे पाहिले तर असे दिसते की, वाट पाहणे हा या तंत्राचा भौतिक भागच आहे. ओल्या थरावर घाईने दुसरा थर चढविला तर रंग मळतो आणि आतून येणारा प्रकाश विझतो. तैलरंगाला वाळावयास जो वेळ लागतो तो कोणालाही टाळता येत नाही. गायतोंडे यांनी तो वेळ सक्तीचा न मानता चित्राचा मानला.

येथेच अध्यात्माचा प्रश्न हाती लागतो. सय्यद हैदर रझा यांच्याशी तुलना केल्यास तो अधिक स्पष्ट होईल. मंडला जिल्ह्यातील अरण्यांत बालपण गेलेल्या रझांनी पुढे ‘बिंदू’ हे प्रतीक स्वीकारले, पंचतत्त्वांचे रंग योजले, काही चित्रांत देवनागरी शब्द आणि काव्यपंक्तीही लिहिल्या. त्यांच्या चित्रातील अध्यात्म वाचता येते. ते प्रतीकांच्या पातळीवर आहे. गायतोंडे यांनी एकही प्रतीक वापरले नाही, चित्रांना नावे दिली नाहीत, अनेक चित्रांवर केवळ वर्ष आहे. रझांचा बिंदू आपल्याला काहीतरी सांगतो. गायतोंडे यांचा कॅनव्हास सांगण्याची जबाबदारीच घेत नाही. ‘मौन’ या शब्दाला त्यांच्या संदर्भात काही अर्थ असेल तर तो हाच : सुरीचे, रंगाचे, कॅनव्हासचे मौन. अनुभव व्यक्त करणे आणि अनुभवाला जागा मोकळी करून देणे यांत फरक आहे. निसर्गदत्त महाराज खेतवाडीतील आपल्या लहानशा घरात मराठीत जे निरूपण करीत त्याचा रोख ‘मी अमुक आहे’ यातील ‘अमुक’ गाळण्यावर असे. लघुचित्रातील आकृती वगळणारा, कुंचल्याची सही पुसणारा, चित्राचे नाव काढून घेणारा गिरगावचा हा चित्रकार त्या विचाराकडे ओढला गेला, यात नवल नाही. मात्र क्रम ध्यानात घ्यावा. गाळण्याची सवय त्याच्या हाताला आधी लागली होती. तत्त्वज्ञानाने तिला पुढे नाव दिले असावे.

रॉथ्को यांच्याशी होणारी तुलनाही येथे तपासून पाहता येते. रॉकफेलर पाठ्यवृत्तीवर १९६४ मध्ये गायतोंडे न्यूयॉर्कला गेले आणि अमेरिकन अमूर्त चित्रकला त्यांनी जवळून पाहिली. रंगाचे मोठे विस्तार, आतून झिरपणारा प्रकाश ही साम्ये खरीच आहेत. तथापि रॉथ्को यांना आपल्या रंगांतून शोकात्म मानवी भावना पोचवावयाची होती आणि ते तसे सांगतही. त्यांचे चित्र प्रेक्षकावर चालून येते, त्याला वेढते. गायतोंडे यांचे चित्र वेढत नाही, ते मागे सरते. त्याच्यासमोर रडू येण्याची शक्यता कमी. डोळे स्थिरावण्याची शक्यता अधिक.

गुणदोषविवेक

आदरभावाने लिहिलेल्या समीक्षेचा एक तोटा असा की, ती चित्रकाराच्या चांगल्या आणि कमी चांगल्या चित्रांत फरक करीत नाही. सगळीच चित्रे साक्षात्कार असतील तर निवड कशाची करावयाची? प्रस्तुत लेखकास असे वाटते की, सत्तरीच्या दशकातील ज्या चित्रांत ती लिपीसदृश चिन्हे फार सुटी, फार रेखीव आणि संख्येने अधिक होतात, तेथे चित्र अलंकरणाच्या जवळ जाते. डोळा चिन्हावरून चिन्हावर उड्या मारू लागतो. पार्श्वभूमी ही खरोखरच ‘पार्श्व’भूमी होऊन बसते. याउलट ज्या चित्रांत चिन्ह अर्धे थरात बुडालेले आहे, ते वर येत आहे की खाली जात आहे हे ठरत नाही, तेथे आकृती व अवकाश हा भेदच ढासळतो. गायतोंडे यांची श्रेष्ठता या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत आहे. ख्यालगायनात षड्‌ज लागण्यापूर्वी निषादावर जो रेंगाळलेला क्षण असतो, त्याची आठवण येथे व्हावी. स्वर अजून आलेला नसतो, पण त्याची जागा पूर्ण तयार असते.

हा विवेक छापील प्रतिकृतीवरून करता येत नाही. छपाईत थर सपाट होतात, चकाकी आणि खरवड नाहीशी होते, आणि उरते ती एक देखणी रंगसंगती. आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांतून गायतोंडे भेटतात ते अशा प्रतिकृतींतून. मूळ चित्रे पाहण्यासाठी मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांची वाट धरावी लागते, आणि बरीचशी खासगी संग्रहांत आहेत. मुंबईत २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले आणि पुढील वर्षांत हा आकडाही मागे पडला. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले. त्याच्या शीर्षकात चित्रकला ही प्रक्रिया आणि चित्रकला हेच जीवन, असा भाव होता. या घटनांमुळे गायतोंडे यांचे नाव सर्वतोमुखी झाले हे खरे. परंतु त्याचबरोबर ‘ध्यानस्थ अमूर्त’ हा एक विकाऊ नमुनाही तयार झाला. आज कोणत्याही कलादालनात चित्रकाराच्या निवेदनात निसर्ग, शून्य आणि अंतर्मन हे तीन शब्द हमखास आढळतात. त्यांच्या शेजारी टांगलेल्या कॅनव्हासवर थर वाळू देण्याइतकाही धीर नसतो. दोष तरुण चित्रकारांचा तेवढाच नाही; चित्राऐवजी चित्रकाराच्या वृत्तीवर लिहिणाऱ्या समीक्षेनेच त्यांना हे शब्द पुरविले आहेत.

अपघातानंतरची चित्रे

वरील विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. अध्यात्म जर थरांच्या प्रक्रियेत असेल, तर प्रक्रियाच खंडित झाल्यास काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. गायतोंडे १९७२ पासून दिल्लीत निजामुद्दीन भागात एकटे राहत होते. तेथे १९८४ मध्ये त्यांना गंभीर अपघात झाला. मोठ्या कॅनव्हासवर उभे राहून रोलर चालविणे त्यानंतर काही वर्षे शक्य झाले नाही. या काळात त्यांनी केलेले काम म्हणजे कागदावरील लहान आकाराची शाईची रेखाटने.

या रेखाटनांत थर नाहीत, खरवड नाही, वाळण्याची प्रतीक्षा नाही. शाई कागदावर उतरते आणि संपते. दुरुस्तीला वाव नाही. म्हणजे आपण ज्या क्रियांना त्यांच्या कलेचा गाभा म्हटले त्या सर्व येथे अनुपस्थित आहेत. तरीही ही रेखाटने त्यांचीच आहेत हे पाहताक्षणी कळते. हे कशावरून? कोऱ्या कागदाच्या प्रमाणावरून. चार-सहा काळ्या खुणा आणि त्यांच्याभोवती सोडलेली जागा यांचा तोल असा की, आणखी एक खूण वाढविली तर कागद भरून जाईल आणि एक कमी केली तर तो रिकामा वाटेल. बसोली चित्रातील आकृती पुसून प्रमाणे तेवढी पाहणारा जो विद्यार्थी जे. जे. कलाशाळेत होता, तोच येथे साठीच्या उंबरठ्यावर दिसतो. त्यामुळे आपले आधीचे विधान थोडे दुरुस्त करावे लागते. थर हे साधन होते. त्यामागची खरी कृती म्हणजे कोठे थांबावयाचे याचा निर्णय. कॅनव्हासवर तो निर्णय घेण्यास महिने मिळत होते. शाईच्या कागदावर तो एका क्षणात घ्यावा लागला.

पुढे त्यांनी पुन्हा कॅनव्हास हाती घेतले. नव्वदीच्या दशकातील या चित्रांची संख्या थोडी आहे. त्यांत सत्तरीतील चिन्हांची गर्दी बरीच ओसरलेली आढळते, रंगांचे विस्तार अधिक एकसंध आहेत, आणि जे आकार उरले आहेत ते साधे व मोठे आहेत. शाईच्या कागदांनी शिकविलेला संयम तैलरंगात परत आलेला येथे दिसतो. या उत्तरकालीन चित्रांचा त्या रेखाटनांशी शेजारी ठेवून केलेला अभ्यास मराठीत अद्याप व्हावयाचा आहे. तो करावयाचा तर कागद आणि कॅनव्हास ही दोन्ही एकाच भिंतीवर, एकाच उजेडात पाहावयास मिळाली पाहिजेत, आणि तशी सोय एखाद्या सार्वजनिक संग्रहालयानेच करावयास हवी.